जुना ट्रक घाटात का तापतो? थर्मोस्टॅट काढून टाकण्याआधी हे तपासा

मे महिन्यात फोन डॅशबोर्डवरच्या होल्डरला लावून मॅप चालू ठेवला की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. स्क्रीन आपोआप मंद होते, चार्जिंग थांबतं, फोन अडखळायला लागतो. आतल्या सेन्सरला चिप तापल्याचं कळतं आणि सॉफ्टवेअर तिचा वेग खाली आणतं. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. पंधरा-वीस वर्षं जुन्या ट्रकमध्ये असलं काही नाही. इंजिन तापलं तर एक काटा वर सरकतो, बस्स. वेग कमी करायचा की नाही ते ड्रायव्हरने ठरवायचं, आणि काटाच खोटं बोलत असेल तर तेही त्यानेच ओळखायचं.

आमचं देऊळघाट बुलढाण्याजवळ, पैनगंगेच्या काठावर. इथून माल घेऊन मलकापूरला जायचं म्हणजे बुलढाणा ओलांडला की राजूर घाट उतरायचा, आणि येताना तोच चढायचा. माझ्या काकांचा जुना सहाचाकी ट्रक याच रस्त्यावर असतो. जाताना सोयाबीन नाहीतर मका, येताना खत, सिमेंट, मिळेल तो माल. गेल्या उन्हाळ्यात ते म्हणाले, "घाटात गाडी लय तापून राहिली रे." तोपर्यंत तीन जणांनी तीन उपाय सांगून झाले होते. एकाने थर्मोस्टॅट काढून टाकला होता, दुसऱ्याने रेडिएटर बदला म्हटलं होतं, तिसऱ्याने थेट इंजिन खोलायचा सल्ला दिला होता. इंजिन खोलायचं म्हणजे एका गाडीवर चालणाऱ्या घराच्या अख्ख्या हंगामाची कमाई गेली. मी सॉफ्टवेअरवाला, मिस्त्री नाही. पण बग कुठे आहे हे कळण्याआधी कोड बदलायचा नाही एवढं या धंद्यात शिकलोय, आणि तो नियम ट्रकलाही लागू पडतो.

घाटात नेमकी किती उष्णता तयार होते?

आधी हिशेब करू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. मलकापूर खाली पूर्णेच्या खोऱ्यात आहे, बुलढाणा वर पठारावर. रस्ता ढोबळमानाने ४०० मीटर वर चढतो असं धरा. मालासकट १० टन वजनाची गाडी एवढी वर उचलायला सुमारे ३९ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे लिटरभर डिझेलमध्ये काम व्हायला हवं होतं. तसं होत नाही. जुनं डिझेल इंजिन जळालेल्या इंधनापैकी साधारण एक तृतीयांश ऊर्जाच चाकांकडे पाठवतं. एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुरासोबत जाते आणि उरलेल्यातली बरीचशी रेडिएटरच्या पाण्यात उतरते.

म्हणजे गाडी वर उचलायला जेवढी ऊर्जा लागली, जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरला बाहेर फेकावी लागते. तेवढ्या उष्णतेत ३० अंशांचं १३० लिटर पाणी उकळीला येईल. गाडीत पाणी असतं त्याच्या कितीतरी कमी. पाणी उष्णता साठवून ठेवण्यासाठी नाहीच, ते नुसतं हमाल आहे: इंजिनमधून उचल, रेडिएटरमध्ये टाक, परत जा. हमाल थांबला, रस्ता तुंबला किंवा माल उतरवायला जागा उरली नाही, की काही मिनिटांत काटा लालवर जातो. सपाट रस्त्यावर हीच गाडी अर्ध्या ताकदीत चालते, म्हणून अर्धवट तुंबलेला रेडिएटरही तिथे निभावून नेतो. घाट म्हणजे कूलिंगची खरी लोड टेस्ट.

पाणी फिरतं कसं?

पंप पाणी इंजिनच्या आत ढकलतो. ते सिलिंडरच्या भोवतीने फिरून वर येतं आणि थर्मोस्टॅटपाशी पोहोचतं. थर्मोस्टॅट म्हणजे मेणावर चालणारा व्हॉल्व्ह. आतलं मेण ठरावीक तापमानाला वितळून फुगतं आणि व्हॉल्व्ह उघडतं. बहुतेक गाड्यांमध्ये हे ८० अंशांच्या आसपास होतं, नेमका आकडा थर्मोस्टॅटवरच कोरलेला असतो. इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह बंद असतो, तेव्हा पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासच्या छोट्या वाटेने पंपाकडे परत फिरतं. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह उघडतो, पाणी वरच्या होस पाइपमधून रेडिएटरमध्ये जातं, जाळीतल्या बारीक नळ्यांमधून खाली उतरतं, पंख्याच्या हवेने थंड होतं आणि खालच्या होसमधून पंपाकडे येतं.

राहिलं झाकण. त्याच्याकडे कोणी बघत नाही, पण काम कुकरच्या शिट्टीचं आहे. बुलढाण्याच्या उंचीवर उघडं पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण अर्धा बार दाब धरून ठेवत असेल तर तेच पाणी ११० च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग मेली किंवा रबर फाटलं की गाडी 'पाणी फेकते', आणि सगळे रेडिएटर बदलायच्या गोष्टी करतात. झाकणावर दाबाचा आकडा छापलेला असतो. नवं घेताना तोच आकडा बघून घ्या, दुकानदाराने दिलेलं कुठलंही बसतंय म्हणून लावू नका.

कधी तापते, हे आधी विचारा

पान्याला हात लावायच्या आधी ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारायचा: गाडी नेमकी कधी तापते? अर्धं निदान या उत्तरातच असतं.

उभी असताना किंवा बाजारातल्या गर्दीत तापते आणि रस्त्याला लागली की काटा खाली येतो? मग हवा कमी पडतेय. धावताना समोरून हवा मिळते, उभी असताना फक्त पंख्याची. फॅन बेल्ट ढिला किंवा गुळगुळीत झालाय का, पंखा जोरात फिरतोय का, पंख्याभोवतीचं कव्हर तुटून पडलंय का, जाळीत भुसा आणि किडे अडकलेत का ते बघा. आमच्याकडे हंगामात सोयाबीनचा भुसा जाळीत इतका बसतो की हातात चुरा येतो. तो मागून पुढे, म्हणजे पंख्याच्या बाजूने बाहेर, हलक्या दाबाच्या पाण्याने काढायचा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर बारीक पट्ट्या वाकतात आणि हवा कायमची अडते.

सपाटीवर ठीक, पण चढावर लोड घेऊन तापते? मग हवेपेक्षा पाण्याच्या वाटेवर संशय घ्या. नळ्या तुंबल्यात, पंपाची पाती झिजलीत, किंवा खालचा होस आतल्या आत चिमटतोय. हे शेवटचं कारण मजेशीर आहे. खालच्या होसमधून पंप पाणी ओढतो, म्हणून बऱ्याच होसमध्ये आत तारेची स्प्रिंग असते. ती गंजून गेली की इंजिनचा वेग वाढल्यावर होस स्ट्रॉसारखा चपटा होतो, आणि वेग कमी केला की परत फुगतो. गॅरेजमध्ये गाडी उभी करून बघितलं तर सगळं ठीक दिसतं. मदतनिसाने ॲक्सिलरेटर दाबून धरल्याशिवाय हा दोष सापडत नाही.

थंड इंजिन सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच पाणी फेकते, किंवा होस लगेच दगडासारखा कडक होतो? इतक्या लवकर पाणी तापलेलंच नसतं, मग दाब आला कुठून? बहुतेक वेळा सिलिंडरमधला गॅस फाटलेल्या हेड गॅस्केटमधून पाण्यात शिरत असतो. गाडी रात्रभर थंड झाल्यावर सकाळी झाकण उघडा, पाणी काठोकाठ भरा आणि इंजिन सुरू करून बघा. सुरुवातीला थोडी अडकलेली हवा निघते. पण बुडबुडे थांबतच नसतील आणि ॲक्सिलरेटरसोबत वाढत असतील तर चांगल्या मिस्त्रीकडे जायची वेळ आली. ऑइलची पट्टी काढल्यावर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या.

आणि काटा लालवर असून इंजिनला तापल्याचा वासही नाही, तर काट्याची वायर किंवा सेन्सर तपासा. याच्या उलट प्रकार जास्त घातक. पाणी सगळं गळून गेलं की सेन्सर पाण्याच्या बाहेर उघडा पडतो आणि काटा चक्क खाली येतो. वर असलेला काटा चढ चालू असताना अचानक पडला तर सुटलो म्हणू नका. लगेच थांबा.

थर्मोस्टॅट काढण्याचा उपाय

आता मूळ वादाकडे. गाडी तापते म्हटलं की महाराष्ट्रातल्या निम्म्या गॅरेजमध्ये पहिला सल्ला हाच मिळतो. काकांचंही म्हणणं तेच होतं. "अरे, व्हॉल्व्ह काढला की पाणी मोकळं फिरते. मंग गाडी थंड राहाले पाहिजे ना?"

ऐकायला बरोबर वाटतं. पण गाडी घाटात ९५ अंशांच्या वर गेलेली असताना चांगला थर्मोस्टॅट आधीच पूर्ण उघडलेला असतो. उघडं दार बिजागरीसकट काढून माणसं फार वेगाने आत जात नाहीत. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल तरच काढल्याने फरक पडेल, आणि तसं असेल तर नवा बसवणं हाच उपाय आहे. तो काही महागडा पार्ट नाही.

दुसरं, बायपास. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो: रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढून टाकला की बायपास कायमचा उघडा राहतो. पाणी नेहमी सोपी वाट धरतं. रेडिएटर थोडाही तुंबलेला असेल तर बरंचसं गरम पाणी थंड न होता तसंच इंजिनमध्ये परत जातं. म्हणजे गाडी थंड ठेवायला केलेला उपाय घाटात उलटाच पडतो.

(इथे एक गैरसमजही काढून टाकू. 'थर्मोस्टॅट नसेल तर पाणी इतकं वेगात जातं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही,' असं व्हिडिओंमध्ये सांगतात. निष्कर्ष बरोबर, कारण चूक. पाणी जितकं जास्त फिरेल तितकी उष्णता जास्तच बाहेर जाते. त्रास वेगाचा नसतो, चुकीच्या वाटेचा असतो.)

तिसरा तोटा हळूहळू कळतो. हिवाळ्यात, किंवा रिकामी गाडी सपाट रस्त्यावर असताना, इंजिन हवं तेवढं तापतच नाही. थंड सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, धूर वाढतो, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, झीज वाढते, ॲव्हरेज पडतं. ज्या गाड्यांत हीटर असतो तिथे पहाटे काचेवरचं धुकं जात नाही. डिझेल इंजिनसाठी 'जितकं थंड तितकं चांगलं' हे खरंच नाही.

तुमचा थर्मोस्टॅट चांगला आहे का हे घरी तपासता येतं. एका जुन्या भांड्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगा की तो तळाला टेकणार नाही, सोबत थर्मामीटर सोडा आणि खाली गॅस लावा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला आणि उकळेपर्यंत पूर्ण उघडला तर चांगला. पाणी थंड झाल्यावर नीट मिटतोय का तेही बघा. ते भांडं मात्र परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही.

फोन कुठे कामाला येतो, कुठे नाही

प्ले स्टोअरवर 'इंजिन टेम्परेचर' शोधलंत तर डझनभर ॲप्स मिळतील. फोनमधला तापमानाचा सेन्सर हा फोनच्या बॅटरीचा किंवा चिपचा असतो. तो समोरच्या वस्तूचं तापमान सांगत नाही. पिक्सेल ८ प्रो सारखे इन्फ्रारेड सेन्सर असलेले फोन अपवाद. कारमध्ये लावायचा ब्लूटूथ ओबीडी डोंगलही इथे चालत नाही. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल ट्रकमध्ये तो जोडायला सॉकेट नाही आणि माहिती देणारा कॉम्प्युटरही नाही. शिवाय मोठे ट्रक २४ व्होल्टवर चालतात, तेव्हा कारसाठीची १२ व्होल्टची वस्तू वायर ओढून जोडायचा जुगाड करू नका.

खरी उपयोगाची वस्तू म्हणजे साधी इन्फ्रारेड टेम्परेचर गन. कोरोनाच्या काळात कपाळावर धरायचे ती नाही. ती शरीराच्या तापमानापुरतीच असते आणि पुढे गेलं की नुसतं 'हाय' दाखवते. वर्कशॉपसाठीची वेगळी मिळते, जी ३०० अंशांपर्यंत किंवा पुढेही मोजते. एक खाचखळगा लक्षात ठेवा: चकचकीत पितळ किंवा ॲल्युमिनियमवर गन बरंच कमी तापमान दाखवते, कारण चमकणारा धातू स्वतःची उष्णता कमी सोडतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. मोजायच्या जागी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, किंवा सरळ रबरी होसवर मोजा.

फोनचं काम रेकॉर्डिंगचं. मी मलकापूरहून येताना फोन काट्यासमोर लावून व्हिडिओ चालू ठेवला आणि गिअर बदलला, वळण आलं, लोकांनी हात दाखवला, सगळं बोलत गेलो. ड्रायव्हरला आठवतं तेवढंच सांगितलं जातं, व्हिडिओत मात्र काटा कधी हलायला लागला तो सेकंद मिळतो. काकांच्या मते गाडी 'घाटात' तापत होती. व्हिडिओत दिसलं की काटा घाटाच्या पायथ्याच्या आधीच, पहिला लांब चढ लागताच सरकायला लागला होता. म्हणजे कूलिंगमध्ये शिल्लक अशी काही राहिलीच नव्हती.

दोन होसांचा फरक

घाट चढून आल्यावर सपाट जागा बघून गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावले आणि इंजिन चालूच ठेवलं. बाहेर ४१ अंश होतं. वरचा होस ९७, खालचा ५९.

हे दोन आकडे सगळ्यात महत्त्वाचे. चांगल्या स्थितीतल्या गाडीत, पूर्ण तापलेल्या इंजिनवर, लोडनंतर लगेच मोजलं तर हा फरक साधारण ५ ते १० अंशांचा असतो. फरक फारच कमी असेल, म्हणजे वर ९७ आणि खाली ९५, तर पाणी भरपूर फिरतंय पण थंड होत नाही. दोष हवेचा: पंखा, बेल्ट, बाहेरून बुजलेली जाळी. फरक फार मोठा असेल तर जे थोडं पाणी रेडिएटरमधून जातंय ते मस्त थंड होतंय, पण जातंच थोडं. दोष पाण्याच्या वाटेचा. थर्मोस्टॅट जागेवर असलेल्या गाडीत तो अर्धवट उघडा असला तरी मोठा फरक दिसू शकतो, म्हणून हे मोजमाप इंजिन खूप तापलेलं असतानाच करायचं. आमच्या गाडीत तर तो नव्हताच, तेव्हा ३८ अंशांच्या फरकाला दुसरं कारण हवं होतं.

मग गन ग्रिलमधून जाळीवर फिरवली. डावीकडे ८० च्या पुढे आकडे, मधे आणि उजवीकडे ४५ ते ५०. ज्या नळ्यांतून पाणी जात नाही त्या थंडच राहणार. निम्म्याहून जास्त रेडिएटर नुसता शोभेला होता.

रेडिएटर उतरवून वरची टाकी उघडली तेव्हा नळ्यांच्या तोंडाशी पांढरा-तपकिरी थर होता, माठाच्या बाहेर साचतो तसा. हा थर बोअरच्या पाण्याचा. गाडी थोडं पाणी खाते, ड्रायव्हर वाटेत हापशावर कॅन भरतो आणि ओततो. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तुम्हाला ऐकून माहीत असेल: आमच्या जिल्ह्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, आणि पुढे अकोला-अमरावतीकडे पसरलेला. तिथलं भूजल माणसांना पिववत नाही इतकं खारं आहे. तेच पाणी रेडिएटरमध्ये गेलं की तापून क्षार आत बसतात. क्षाराचा थर धातूच्या मानाने उष्णता फारच कमी वाहू देतो, शिवाय खाऱ्या पाण्याने गंजही लवकर चढतो. पठारावरच्या बोअरचं पाणीही जड असतं, फक्त तिथे वेळ जास्त लागतो.

जुन्या ट्रकचा रेडिएटर तांबं-पितळेचा असेल तर नशीब. सोल्डर उकलून टाकी काढायची, नळ्यांमधून पातळ पट्टी घालून थर काढायचा आणि परत सोल्डर करायचं. याला रॉडिंग म्हणतात, आणि चांगला रेडिएटरवाला दिवसभरात करून देतो. ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकची टाकी असलेल्या रेडिएटरवर हे जमत नाही. तिथे आतून धुऊन बघायचं, नाहीतर बदलायचा. ॲसिड टाकून 'झटपट सफाई' करणाऱ्यांपासून दोन्ही प्रकारात लांब राहिलेलं बरं, कारण थर निघतो तसा पातळ झालेला धातूही निघतो.

आम्ही रॉडिंग केलं, नवा थर्मोस्टॅट बसवला, झाकण आणि दोन्ही होस बदलले. पंपाला हात लावला नाही, कारण त्याच्यावर संशय घ्यायला आकड्यांत काहीच नव्हतं. पुढच्या फेरीत तेवढाच लोड, तोच घाट, तीच थांबायची जागा: वर ८८, खाली ८०. काकांनी गन माझ्या हातातून घेऊन स्वतः परत मोजलं. ती गन आता त्यांच्याच केबिनमध्ये असते.

कूलंट भरताना डिस्टिल्ड पाण्यात, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच भरा. आपल्याकडे बर्फ पडत नाही मग कूलंट कशाला, असं विचारणारे खूप. गोठू न देणं हे त्याचं अर्धंच काम. गंज थांबवणं आणि उकळायचं तापमान वाढवणं ही उरलेली कामं विदर्भात जास्त लागतात. वेगवेगळ्या रंगाची कूलंट एकत्र करू नका. रंगावरून प्रकार ठरत नाही आणि न जुळणारी रसायनं एकत्र आली तर आत गाळ धरतो. आणि वाटेत टाकायला पाच लिटर डिस्टिल्ड पाणी गाडीतच ठेवा.

वाटेत तापली तर

खालच्या गिअरवर या, ॲक्सिलरेटर हलका करा. पंप आणि पंखा इंजिनच्या वेगावर चालतात, म्हणून वरच्या गिअरमध्ये रेटत चढण्यापेक्षा खालच्या गिअरमध्ये हलकं चालवलेलं बरं. हीटर असेल तर पूर्ण चालू करा, तो छोटा रेडिएटरच आहे. केबिनमध्ये हाल होतील, इंजिन वाचेल. थांबल्यावर पाणी गळत नसेल तर दोन-चार मिनिटं इंजिन चालू ठेवा. पाणी गेलं असेल तर लगेच बंद करा.

झाकण गरम असताना उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही. आत १०० च्या वरचं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताक्षणी ते वाफ होऊन तोंडावर येतं. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनमध्ये गार पाणी ओतलं तर हेडला चीर जाऊ शकते, आणि मग सगळ्यात मोठा खर्च तोच.

आणि केबिनमधली गरमी?

इंजिन थंड झालं तरी ड्रायव्हर तापतोच. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या ट्रकमध्ये इंजिन केबिनच्या खाली, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधे असतं. केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक आहे. आधी बनलेल्या गाड्यांना हा नियम नाही, आणि रस्त्यावर त्याच जास्त दिसतात.

जुन्या गाडीला बाहेरून एसी बसवून मिळतो. पण त्याचा कंडेन्सर बहुतेक वेळा रेडिएटरच्या समोर येतो, म्हणजे रेडिएटरला आधीच गरम झालेली हवा मिळते, आणि कॉम्प्रेसर इंजिनवर जादा भार टाकतो. जी गाडी एसीशिवाय राजूर घाटात तापते ती एसी लावून पायथ्यालाच उभी राहील. म्हणून आधी दोन होसांचा फरक मोजा, मग एसीचा विचार करा. बसवलेला एसी दरवर्षी 'गॅस भरून' घ्यावा लागत असेल तर तो गळतोय. गॅस वापरून संपत नाही, तेव्हा भरण्याआधी गळती शोधून मागा.

त्याआधी स्वस्तातलं एक काम करा. इंजिनवरच्या कव्हरची कड आणि आतलं अस्तर बघा. जुन्या गाड्यांत ते फाटलेलं किंवा उंदरांनी कुरतडलेलं असतं आणि इंजिनची गरम हवा सरळ पायांवर येते. काकांच्या गाडीत कव्हरच्या कडेला नवं रबर आणि आतून उष्णतारोधक अस्तर लावलं. लावण्याआधी कव्हरवर गन ६८ दाखवत होती, नंतर ५१.